कारस्थानाच्या कथा संदेश-गटांतून कशा पसरतात? पंजाबातील अवयव-चोरीच्या अफवेचा धडा

चंदीगड – २०२० च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस पंजाबच्या आरोग्य विभागापुढे एक अनपेक्षित पेच उभा राहिला. करोनाची साथ वेगाने वाढत होती. तपासणीचे संच उपलब्ध होते, पथकेही नेमलेली होती. मात्र नमुने देण्यास गावे तयार नव्हती. संगरूर, पतियाळा आणि आसपासच्या जिल्ह्यांतील अनेक ग्रामपंचायतींनी आरोग्य पथकांना गावात नमुने घेऊ न देण्याचे ठराव संमत केले. कोणी आजारी पडलाच तर त्याला गावातच वेगळे ठेवू, सरकारी रुग्णालयात पाठविणार नाही, असा त्या ठरावांचा आशय होता. काही ठिकाणी पथकांना वेशीवरूनच परत फिरावे लागले.

या विरोधामागे एक कथा होती. सरकारी रुग्णालयात नेलेल्या धडधाकट माणसाला करोनाबाधित ठरवितात, तेथे त्याला ठार मारतात, त्याची मूत्रपिंडे आणि डोळे काढून घेतात आणि देह पिशवीत बंद करून परत देतात, असे ती सांगत होती. डॉक्टर, अधिकारी आणि सरकार यांचे त्यात संगनमत असून प्रत्येक रुग्णामागे लाखो रुपये मिळतात, अशी पुस्तीही तिला जोडलेली होती. ही कथा कोणत्याही वृत्तपत्राने छापली नव्हती वा कोणत्याही वाहिनीने प्रसारित केली नव्हती. ती भ्रमणध्वनीवरील संदेश-गटांतून, मुख्यत्वे व्हॉट्सॲपवरून आणि फेसबुक व यूट्यूबवरील चित्रफितींमधून गावोगाव पोहोचली होती.

तिचा परिणाम केवळ बोलण्यापुरता राहिला नाही. लक्षणे दिसूनही लोक घरीच थांबू लागले आणि श्वास घेणे अशक्य झाल्यावर रुग्णालयात दाखल होऊ लागले. सप्टेंबर २०२० मध्ये पंजाबातील करोना मृत्यूंचे बाधितांशी असलेले प्रमाण राष्ट्रीय सरासरीच्या जवळपास दुप्पट होते. रुग्ण उशिरा येतात, हे त्याचे एक प्रमुख कारण असल्याचे राज्य सरकार त्या वेळी वारंवार सांगत होते. अफवेने या मृत्यूंपैकी नेमके किती घडविले याचा हिशेब मांडता येणार नाही. पण ज्या माणसाला चौथ्या दिवशी प्राणवायू मिळायला हवा होता, तो नवव्या दिवशी आला तर काय होते, हे सांगायला वैद्यकशास्त्राची पदवी लागत नाही.

अफवा आणि कारस्थानाची कथा

या दोन्ही गोष्टी एकच मानण्याची पद्धत असली तरी त्यांत फरक आहे. गावात मुले पळविणारी टोळी आली आहे, ही अफवा झाली. ती एका घटनेबद्दल बोलते आणि टोळी न सापडल्यास काही दिवसांनी विरून जाते. डॉक्टर, पोलीस आणि मंत्री मिळून मुले पळवितात व म्हणूनच टोळी सापडत नाही, ही कारस्थानाची कथा. अशी कथा पुराव्याच्या अभावावरच पोसली जाते. सरकारने इन्कार केला तर तो लपवाछपवीचा पुरावा ठरतो, चित्रफीत हटविली तर ती खरी असल्याचा पुरावा ठरतो आणि तज्ज्ञाने समजावून सांगितले तर तोही त्यांच्यात सामील असल्याचे ठरते.

पंजाबात नेमके हेच घडले. चंदीगड हे पंजाब आणि हरयाणा या दोन्ही राज्यांच्या राजधानीचे शहर. तेथून तत्कालीन मुख्यमंत्री कॅप्टन अमरिंदर सिंग यांनी जाहीर आवाहने केली. पोलिसांनी गुन्हे नोंदविले आणि आक्षेपार्ह चित्रफिती व खाती बंद करण्यासाठी पाठपुरावा केला. कायद्याच्या दृष्टीने त्यात गैर काही नव्हते. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ नुसार आपत्तीबाबत घबराट पसरविणारा खोटा इशारा देणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. पण ज्याच्या मनात सरकारबद्दलच संशय आहे, त्याची समजूत सरकारी कारवाईने कशी पटावी?

अवयव असे काढता येतात काय?

या कथेतील वैद्यकीय दावा तपासणे अवघड नाही आणि त्यासाठी चंदीगडहून दूर जाण्याचीही गरज नाही. शहरातील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था, जी पीजीआय या नावाने उत्तर भारतभर ओळखली जाते, ती मृत्यूनंतरच्या अवयवदानाच्या कामात देशातील अग्रगण्य संस्थांपैकी एक असून उत्तर विभागाचे अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्रही तेथेच आहे.

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ सालचा. त्यानुसार मृत व्यक्तीचे हृदय, यकृत किंवा मूत्रपिंड घ्यायचे असेल तर मेंदूमृत्यूचा निर्णय चार डॉक्टरांच्या मंडळाने द्यावा लागतो. तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा कराव्या लागतात आणि नातलगांची लेखी संमती घ्यावी लागते. या काळात रुग्ण कृत्रिम श्वसनयंत्रावर असतो व हृदय चालू असते, कारण रक्तपुरवठा थांबला की हे अवयव झपाट्याने निकामी होऊ लागतात. काढलेले हृदय साधारण चार ते सहा तासांत, यकृत बारा तासांच्या आसपास आणि मूत्रपिंड सुमारे दीड दिवसाच्या आत दुसऱ्या शरीरात बसवावे लागते. त्यासाठी रक्तगट जुळणारा रुग्ण, सज्ज शस्त्रक्रियागृह आणि मोठा चमू हवा. नेत्रपटल हा याला अपवाद असून ते हृदय थांबल्यानंतरही काही तासांत काढता येते. परंतु करोनाबाधित मृतांचे अवयव वा नेत्रपटल घेऊ नयेत, अशाच सूचना त्या वेळी लागू होत्या. संसर्गाने फुप्फुसांसह इतर अवयवांनाही इजा झालेल्या माणसाच्या अवयवांना गिऱ्हाईक मिळेल, ही कल्पनाच मुळात टिकणारी नाही.

हे सारे त्या वेळीही सांगितले गेले. पण मूळ संदेश अर्ध्या मिनिटाचा होता आणि त्याचे खंडन करायला एवढा मजकूर लागतो. संदेश-गटांच्या जगात ही विषमता नेहमीच खोट्याच्या पथ्यावर पडते.

विश्वास बसला, तो का?

गावकऱ्यांना अडाणी ठरवून हा प्रश्न सुटत नाही. पंजाब हे देशातील तुलनेने सधन आणि साक्षर राज्य आहे. ज्यांनी हे संदेश पुढे पाठविले त्यांत शिकलेले लोक होते, परदेशी स्थायिक झालेले नातलगही होते. विश्वास बसण्याला कारणे होती आणि त्यांतील काही अगदी खरी होती.

पहिले कारण म्हणजे मूत्रपिंडांचा काळाबाजार या भागाला अपरिचित नव्हता. गरीब मजुरांची मूत्रपिंडे विकत घेऊन प्रत्यारोपण करण्याचा मोठा गैरव्यवहार २००३ च्या सुमारास अमृतसर येथे उघडकीस आला होता. जानेवारी २००८ मध्ये हरयाणातील गुडगाव येथे असेच प्रकरण बाहेर आले. त्यातील मुख्य आरोपी अमित कुमार हा मूळचा महाराष्ट्रातील. तो नेपाळमध्ये पकडला गेला आणि २०१३ मध्ये चंदीगडला लागून असलेल्या पंचकुला येथील सीबीआय न्यायालयाने त्याला सात वर्षांची शिक्षा सुनावली. म्हणजे डॉक्टर म्हणविणारे लोक मूत्रपिंडे चोरतात, हे वाक्य पंजाबच्या शेतकऱ्याने संदेशात प्रथम वाचले नव्हते. ते त्याने न्यायालयाच्या निकालाच्या बातमीतही वाचले होते.

दुसरे कारण मृतदेहाचे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्च २०२० मधील मार्गदर्शक सूचनांनुसार करोनाने मृत्यू झालेल्याचा देह गळती न होणाऱ्या पिशवीत ठेवायचा होता. त्याला अंघोळ घालणे, कवटाळणे निषिद्ध होते आणि शवविच्छेदन शक्यतो टाळायचे होते. चेहरा पाहण्याची मुभा सूचनांत होती, पण प्रत्यक्षात घाई, भीती आणि मनुष्यबळाची टंचाई यांमुळे अनेक कुटुंबांना तीही मिळाली नाही. ज्या देहाला हात लावता आला नाही, त्या देहाबद्दल काहीही सांगितले गेले तरी ते खोडून काढण्याचे साधन कुटुंबाकडे उरत नव्हते. त्यातच जुलै २०२० मध्ये अमृतसरमधील एका सरकारी रुग्णालयातून दोन मृतदेहांची अदलाबदल झाल्याचे उघड झाले. एका कुटुंबाला वडिलांऐवजी एका महिलेचा देह मिळाला होता. गलथानपणा आणि कारस्थान यांत मोठे अंतर आहे; परंतु शोकात असलेल्या माणसाने ते अंतर ओळखावे, ही अपेक्षा जरा जास्तच होती.

तिसरे कारण राजकीय होते. जून २०२० मध्ये केंद्राने कृषी अध्यादेश काढल्यापासून पंजाबच्या गावांत अस्वस्थता होती आणि साथीचा बाऊ करून आंदोलने दडपली जात आहेत, असा समज अनेकांचा झाला होता. त्या समजाला या कथेने शरीर मिळवून दिले.

आणि भीती तर आधीपासूनच होती. सुवर्णमंदिराचे माजी हजूरी रागी, पद्मश्री भाई निर्मल सिंग खालसा यांचे २ एप्रिल २०२० रोजी अमृतसर येथे करोनाने निधन झाले, तेव्हा वेरका येथील रहिवाशांनी आपल्या स्मशानभूमीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार करू दिले नाहीत. ज्यांचे कीर्तन घरोघर ऐकले जात होते, त्यांच्या वाट्याला हे आले.

मुंबईत हे पूर्वी घडले होते

मराठी वाचकाला ही कथा ऐकल्यासारखी वाटेल आणि तसे वाटण्यास आधार आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतर काही आठवड्यांतच रुग्णांना सक्तीने रुग्णालयात नेण्यास सुरुवात झाली आणि शहरात एक वदंता उठली. गोरे डॉक्टर रुग्णांना मारतात आणि त्यांच्या देहातून ‘मोमियाई’ नावाचे औषधी तेल काढतात, अशी ती वदंता होती. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडवरील रुग्णालयावर हल्ला केला. हेच रुग्णालय पुढे कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखले जाऊ लागले आणि मार्च २०२० मध्ये मुंबईतील पहिले करोना रुग्ण तेथेच दाखल झाले.

पंजाबातही त्या काळी प्लेगविरोधी उपायांना कडवा विरोध झाला होता. होशियारपूर जिल्ह्यातील गढशंकर येथे १८९८ मध्ये दंगल उसळली. १९०२ मध्ये, आज पाकिस्तानात असलेल्या मलकोवाल या गावी, प्लेगची लस टोचलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. कुपीत धनुर्वाताचे जंतू शिरले होते. कारस्थान नव्हते, पण मृत्यू खरे होते आणि लसीकरणावरील विश्वास त्यानंतर बराच काळ सावरला नाही.

तेव्हा ना दूरध्वनी घरोघर होता, ना छापील वृत्तपत्र गिरणी कामगाराच्या हाती. म्हणून संदेश-गटांनी अफवा जन्माला घातली, असे म्हणता येत नाही. अनोळखी रोग, सक्तीने नेणारी सत्ता, कुटुंबाच्या नजरेआड होणारा मृत्यू हे तिघे एकत्र आले की देहाच्या चोरीची कथा उगवते. १८९६ मध्ये तेलाची आणि २०२० मध्ये मूत्रपिंडाची.

मग गटांनी नवे काय केले?

गटाचे यंत्र कसे चालते

वेग ही त्यातील सर्वांत ठळक बाब. २०१८ पर्यंत व्हॉट्सॲपवरील एका गटात जास्तीत जास्त २५६ सदस्य असू शकत आणि एखादा संदेश एका झटक्यात कितीतरी गटांना पाठविता येत असे. जुलै २०१८ मध्ये भारतात ही मर्यादा पाच संभाषणांवर आणली गेली. तरीही पाच भरलेल्या गटांना पाठविलेला संदेश एका बोटाने १,२८० जणांपर्यंत जातो. त्यांतील दर शंभरात एकाने जरी तेच केले, तरी दुसऱ्या टप्प्यावर आकडा पंधरा हजारांवर पोहोचतो. प्रत्यक्षात सदस्य अनेक गटांत सामाईक असल्याने नव्या माणसांची संख्या इतकी नसते. पण या पुनरावृत्तीचाच दुसरा परिणाम होतो. तोच मजकूर कुटुंबाच्या गटात, गावाच्या गटात आणि शेतकरी संघटनेच्या गटात आला की वाचणाऱ्याला तीन स्वतंत्र साक्षीदार मिळाल्यासारखे वाटते. साक्षीदार मात्र एकच असतो. वारंवार ऐकलेले विधान खरे वाटू लागते, हा मानवी स्वभाव मानसशास्त्रज्ञांनी १९७७ पासून प्रयोगांनी दाखवून दिला आहे.

वेगापेक्षाही महत्त्वाची आहे ती उसनी विश्वासार्हता. वृत्तपत्रातील मजकुराला संपादक असतो, भिंतीवरील पत्रकाला निदान मुद्रक असतो. गटातील संदेशाला मूळ लेखक नसतो. असतो तो फक्त पाठविणारा, आणि तो आपला मामा, निवृत्त शिक्षक किंवा कॅनडातील चुलतभाऊ असतो. वाचणारा मजकुराची पारख करीत नाही, पाठविणाऱ्याची करतो. पाठविणाऱ्यानेही तसेच केलेले असते. अशा रीतीने प्रत्येक टप्प्यावर एकेक भला माणूस आपली पत त्या संदेशाला तारण देत जातो आणि शेवटी ज्याची कोणालाच खात्री नव्हती ते सर्वांना खात्रीचे वाटू लागते.

ध्वनिमुद्रित संदेश या बाबतीत लिखित मजकुरापेक्षा प्रभावी ठरले. आपल्याच बोलीत, घाबऱ्या आवाजात, आपण अमुक रुग्णालयात काम करतो असे सांगणारा निनावी माणूस वाचता न येणाऱ्या आजीपर्यंतही पोहोचतो. छायाचित्रांचे तंत्र याहून सोपे आहे. किरण गरिमेला आणि डीन एकल्स या संशोधकांनी भारतातील राजकीय व्हॉट्सॲप गटांमधील प्रतिमांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सुमारे १३ टक्के प्रतिमा दिशाभूल करणाऱ्या आढळल्या आणि त्यांतील बऱ्याच बनावट नव्हत्याच. त्या जुन्या होत्या आणि नव्या मजकुरासह फिरविल्या गेल्या होत्या. खोटे छायाचित्र तयार करण्याचे कष्ट कोणी घ्यावेत? खऱ्या छायाचित्राखालची ओळ बदलली की काम भागते. पंजाबात असे संदेश फिरत असतानाच, २०२० मध्येच, मुंबईतील गोराई-मनोरी परिसराचे नाव घेऊनही अवयव काढलेल्या देहांचा दावा करणारा संदेश फिरत होता आणि तोही तितकाच निराधार होता. गावाचे नाव बदलले की कथा स्थानिक होते.

शेवटी, बंद दार. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवरील संदेश पाठविणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कोणालाही, अगदी कंपनीलाही, वाचता येत नाहीत. नागरिकाच्या खासगीपणासाठी ही मोलाची गोष्ट आहे. पण चौकातील अफवा निदान चौकातल्या शहाण्या माणसाच्या कानी पडते. गटातील अफवा ज्यांना पटते त्यांच्यातच फिरते आणि ज्याला पटत नाही तो वडीलधाऱ्यांपुढे, नात्याखातर, गप्प बसतो.

भीती आधी, गोष्ट नंतर

या संदर्भात एका भारतीय मानसशास्त्रज्ञाचे जुने काम आठवावे असे आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रलयंकारी भूकंप झाला. त्यानंतरच्या अफवांचा अभ्यास जमुना प्रसाद यांनी केला आणि तो १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना धक्के जाणवले पण ज्यांच्या गावात हानी झाली नव्हती, अशा लोकांत आणखी भयंकर संकट येणार असल्याच्या अफवा पसरल्या होत्या, असे त्यांच्या नोंदींतून दिसते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी पुढे याचा अर्थ असा लावला की लोक अफवेमुळे घाबरले नव्हते. ते आधीच घाबरलेले होते आणि त्या भीतीला शोभेलसे कारण अफवेने पुरविले. त्यांचा १९५७ चा सुप्रसिद्ध सिद्धान्त या विचारातून आकाराला आला.

पंजाबच्या बाबतीत हे लागू पडते. घरातून उचलून नेण्याची भीती, एकटे मरण्याची भीती आधी होती. तिला चोर हवा होता.

धुळ्याचे रक्त

कथा पुरेशी पसरली की ती रुग्णालयाच्या दारापाशी थांबतेच असे नाही. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावाने ठेचून मारले. हे पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा परिसरातून भिक्षेसाठी आलेले होते. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या भागात आधीचे अनेक दिवस फिरत होते. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि तेथेच त्यांचा जीव घेतला. त्याच दिवशी मालेगावातही एका भटक्या कुटुंबाला जमावाने घेरले होते. तेथे पोलीस वेळीच पोहोचल्याने ते वाचले.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर कराचीतील एका संस्थेने बालसुरक्षेच्या जागृतीसाठी बनविली होती. दुचाकीवरील माणूस मूल उचलून नेतो आणि नंतर परत आणून सोडतो, पाठोपाठ पालकांना सावध राहण्याचा संदेश येतो, असा तो प्रसंग होता. शेवटचा भाग कापला गेला आणि जनजागृतीची फीत गुन्ह्याचा पुरावा बनली. राईनपाड्याच्या घटनेनंतर सोळा दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला प्रकरणात झुंडबळींबाबत राज्यांना सविस्तर निर्देश दिले.

चंदीगडच्या परिसरातही याची सौम्य आवृत्ती दिसली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये मोहाली जिल्ह्यातील घडुआं येथील एका खासगी विद्यापीठाच्या वसतिगृहात चित्रीकरणाची तक्रार झाली. तक्रारीत तथ्य असल्याने अटकही झाली. पण काही तासांतच अनेक मुलींच्या चित्रफिती बाहेर गेल्याचे आणि काही विद्यार्थिनींनी आत्महत्या केल्याचे संदेश पसरले व रात्रीतून हजारो विद्यार्थी आवारात जमले. कोणाचाही मृत्यू झाला नसल्याचे पोलिसांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले. अस्वस्थ वाटल्याने एका मुलीला रुग्णवाहिकेतून नेण्यात आले होते.

उपाय आणि त्यांच्या मर्यादा

कंपनीने काही बदल केले आहेत. २०१८ मध्ये पुढे पाठविलेल्या संदेशावर तशी खूण येऊ लागली, २०१९ मध्ये वारंवार पुढे गेलेल्या संदेशासाठी दुहेरी बाणाची खूण आली आणि एप्रिल २०२० मध्ये असा संदेश एका वेळी एकाच संभाषणात पाठविण्याचे बंधन आले. त्यानंतर अशा संदेशांचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचा कंपनीचा दावा होता. पंजाबातील अफवा मात्र या बंधनानंतरची आहे, हे विसरता येत नाही. मजकूर नकलून नव्याने चिकटविला की खूण नाहीशी होते. शिवाय, २०२२ च्या अखेरीस गटाची मर्यादा १,०२४ सदस्यांपर्यंत वाढविण्यात आली.

कायद्याचा मार्गही सरळ नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या संदेश-सेवांवर संदेशाचा पहिला प्रेषक शोधून देण्याची जबाबदारी टाकली. व्हॉट्सॲपने मे २०२१ मध्ये त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि गोपनीयता मोडण्याची सक्ती झाल्यास भारतातील सेवा बंद करावी लागेल, असे एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाला सांगितले. गटाच्या प्रमुखाला सदस्याच्या मजकुरासाठी जबाबदार धरण्याचा प्रयत्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये अमान्य केला. समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय प्रमुख दोषी ठरत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

प्रशिक्षणाने फरक पडेल, ही आशा रास्त आहे, पण तिलाही एक धक्का बसलेला आहे. सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात बिहारमध्ये प्रयोग केला. खोटी माहिती कशी ओळखावी, याचे सुमारे तासाभराचे प्रशिक्षण घरोघर जाऊन देण्यात आले. एकंदरीत त्याचा लक्षणीय परिणाम आढळला नाही. एका तासाच्या शिकवणीने वर्षानुवर्षांच्या निष्ठा हलत नाहीत, असाच त्याचा अर्थ.

याउलट तेलंगणाच्या जोगुलांबा गदवाल भागात पोलीस अधीक्षक रेमा राजेश्वरी यांनी २०१८ मध्ये वेगळी वाट धरली. प्रत्येक गावासाठी एक पोलीस नेमला गेला, लोककलावंतांना सोबत घेऊन दवंडी आणि गाण्यांतून मुले पळविण्याच्या अफवांवर बोलले गेले. अफवा आली तर विचारायचे कोणाला, हे गावाला माहीत झाले. संदेश पाठविणाऱ्या मामाला उत्तर द्यायला तितक्याच ओळखीचा दुसरा माणूस उभा राहिला.

पंजाब सरकारलाही सप्टेंबर २०२० मध्ये अखेर याच दिशेने वळावे लागले. नमुना दिला म्हणून कोणालाही रुग्णालयात नेले जाणार नाही, सौम्य लक्षणे असलेल्यांना घरीच राहता येईल, असे जाहीर झाले. बाधितांच्या दारावर चिकटविण्यात येणारे फलक बंद करण्यात आले. त्या फलकांनी रोगापेक्षा बदनामीच अधिक पसरविली होती. ज्या गोष्टीमुळे लोक घाबरत होते, तीच काढून टाकण्याचा हा प्रयत्न होता आणि चित्रफिती हटविण्यापेक्षा तो अधिक शहाणपणाचा म्हटला पाहिजे.

दुसऱ्या लाटेच्या वेळी, मे २०२१ मध्ये, लसीकरणाबाबतही गावांतून कुरबूर सुरू झाली. त्या वेळी सरकारने शंभर टक्के लसीकरण पूर्ण करणाऱ्या प्रत्येक गावाला दहा लाख रुपयांचे विशेष विकास अनुदान जाहीर केले आणि ‘करोना मुक्त पिंड’ या मोहिमेची सूत्रे सरपंचांच्या हाती दिली. आठ-नऊ महिन्यांपूर्वी आरोग्य पथकांना रोखण्याचे ठराव याच पंचायतींनी केले होते.